पोटापलीकडचा अंगठा

२ फेब्रुवारी
उपाशीपोटी २१२. वजन ९२ किलो ४०० ग्रॅम.

नवं गाव, नवी खोली, नवी वही. बदलीचा कागद हातात पडला तेव्हा खात्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या होत्या, त्या आज परत घेतो. खोली झकास आहे. वरचा मजला, दोन खिडक्या, मजबूत लोखंडी खाट, आणि न्हाणीघर खोलीलाच लागून. खाटेच्या चारही पायांभोवती फरशीवर गोल पांढरट डाग आहेत. तेवढे सोडले तर सगळं चकाचक.

ही वही बायकोने दिली आणि दम भरला, की रोज लिही. माझा थोरला भाऊ साखरेकडे काणाडोळा करत राहिला आणि डावा पाय गुडघ्याखाली गमावून बसला. आता खुर्चीत बसून टीव्हीवरच्या क्रिकेटपटूंना पळायला शिकवतो. माझ्या तळपायांतली जाणीव दोन वर्षांपूर्वीच गेली. डॉक्टरांनी बजावलंय, की तीन महिन्यांत आकडे खाली आले नाहीत तर तुमचंही तेच होईल. तेव्हा ब्रेड, भात, बटाटा, साखर आजपासून बंद. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे काटे तपासले. वजनमापे निरीक्षक आहे मी. आता स्वतःचा काटा तपासायचा.

आकडे सगळेच लिहितात. मी आणखी एक खूण ठरवली आहे. सरळ उभं राहून खाली पाहिलं की मला फक्त पोट दिसतं, पाय दिसत नाहीत. ज्या दिवशी पोटापलीकडे पायाचा अंगठा दिसेल, त्या दिवशी मी जिंकलो.

घरमालकीण खाली राहते. हॉस्पिटलात तीस वर्षं ड्रेसिंगचं काम करून निवृत्त झाली, म्हणून अख्खा मोहल्ला तिला सिस्टर म्हणतो. तिने नाव-गाव, बायको-पोरं काही विचारायच्या आधी विचारलं, की साखर आहे का. मला वाटलं, आजारी भाडेकरू नको असेल. हो म्हटल्यावर बाईचा चेहरा खुलला. म्हणाली, आधीचे हेडमास्तर पण साखरवालेच होते, तिला अशा माणसांची सवय आहे. अशी मालकीण मिळायला नशीब लागतं.

४ फेब्रुवारी
उपाशीपोटी २०४.

सकाळी तीन अंडी, दुपारी कोबी आणि मासा, रात्री काकडी, चीज, मूठभर दाणे. स्वयंपाक सिस्टर करते आणि मी सांगितलेलं मुकाट्याने करते.

न्हाणीघरात तांबड्या बारीक मुंग्यांची रांग लागली आहे. मला हसूच आलं. सात वर्षांपूर्वी माझी साखर पहिल्यांदा कळली ती अशीच, घरच्या मोरीत मुंग्या धरल्या म्हणून. डॉक्टरांच्या आधी निदान त्यांनी केलं होतं. मी त्यांना मारलं नाही. लघवीतून साखर जायची थांबली की त्या आपोआप जातील. मला फुकटात दुसरं मशीन मिळालं.

एक गंमत. सिस्टरच्या ओट्यावर साखरेचा डबा दिवसभर उघडा असतो आणि तिथे औषधाला मुंगी नाही.

७ फेब्रुवारी
उपाशीपोटी १९१. वजन ९१ किलो १०० ग्रॅम.

बायकोचा फोन. आकडे ऐकून घेतले, कौतुक शून्य, पहिला प्रश्न तळपाय पाहतोस का. बॅगेत तिने मुद्दाम हातातला आरसा घातला होता, तळपाय बघायला. मी त्यात दाढी करतो. हे माझं पोट घेऊन खाली वाकायचं म्हणजे कसरत आहे, आणि गुडघे तर कधीच संपावर गेले आहेत. तसं सांगितलं तर पंधरा मिनिटं माझ्या नावाने खडे फोडत होती.

खाली सिस्टरच्या कानावर सगळं पडलं असणार. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर बादली, टॉवेल, कापूस मांडून तयार. म्हणाली, तीस वर्षं तेच केलं, तुमचे पाय मी बघते. पाय पुसले, एका तपकिरी बाटलीतलं काहीतरी चोळलं, वर जाड पांढरे मोजे चढवले. मोजे काढायचे नाहीत, झोपतानाही नाही, असं बजावलं. आंघोळीला पायांवर बांधायला प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या, कातडी कोरडी राहिली पाहिजे म्हणे. पाय कसे आहेत विचारलं तर म्हणाली, उत्तम. बायकोला कळवलं. पहिल्यांदाच तिने दुसऱ्या बाईचं कौतुक केलं.

१५ फेब्रुवारी
उपाशीपोटी १६८. वजन ८९ किलो ९०० ग्रॅम.

पट्टा एक भोक आत आला. आज चौकातल्या मिठाईवाल्याचा काटा जप्त केला, किलोमागे चाळीस ग्रॅम खात होता. तो म्हणाला, साहेब, गावाशी वैर घेऊन गावात राहता येत नाही. मी म्हटलं, मी राहायला नाही, मोजायला आलोय. बाजूला उभे असलेले पाच-सहा दुकानदार माझ्याकडे खाऊ की गिळू बघत होते. या महिन्यात नऊ काटे झाले. आता हमरस्त्यावर मला कोणी नमस्कार करत नाही. नका करू.

सिस्टर रोज सकाळी माझा आकडा विचारते आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या-त्या तारखेखाली लिहिते. सख्खी बहीणसुद्धा इतकं करणार नाही.

२४ फेब्रुवारी
उपाशीपोटी १३९. वजन ८८ किलो २०० ग्रॅम.

न्हाणीघरातल्या मुंग्या गेल्या. एकही नाही. दोनदा पाहिलं, कोपऱ्यात टॉर्च मारून पाहिलं. मी मोठ्याने शीळ घातली.

खाली जाऊन सिस्टरला ही बातमी दिली. ती भांडी घासत होती, हात थांबला. कुठे गेल्या, असं तिने विचारलं. मी म्हटलं, कुठेही जाऊ देत, आपल्याला काय. जरा वेळाने पाहिलं तर तिने साखरेच्या डब्याला घट्ट झाकण लावलं होतं.

५ मार्च
उपाशीपोटी १२१. वजन ८६ किलो ५०० ग्रॅम.

बूट सैल झालाय, डावा. चालताना टाच निघते. पायाची सूज उतरली की असं होतं, म्हणजे तीही उतरली. तोंडाला एक आंबूस-गोडसर वास येतो, खोलीतही भरून राहतो. या खाण्याने असा वास येतो हे मी वाचून होतो, चरबी जळते त्याची खूण. सगळं अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं चाललंय.

बिघडली आहे ती फक्त सिस्टर. आकडा सांगितला की भांडी आदळते. आज ताटात न मागता वाटीभर गोड. परत पाठवलं. दुपारी पुन्हा आलं. मी सरळ सांगितलं, की बाई, मला मारायचा विचार आहे का. तर म्हणाली, शंभरापर्यंत खाली आलात तर काय मिळणार आहे तुम्हाला, उगाच सगळ्यांना उपाशी ठेवताय. सगळ्यांना म्हणजे कोणाला? घरात दोन माणसं. नवऱ्याला जाऊन वीस वर्षं झाली असं तिनेच सांगितलं होतं.

१३ मार्च
उपाशीपोटी १०४. वजन ८५ किलो.

एकशे चार! सात वर्षांत हा आकडा पाहिला नव्हता. सिस्टरला सांगितला आणि ती खुर्चीत बसून रडायला लागली. आनंदाने नाही, घाबरून. म्हणाली, नवरा होता तोवर ठीक होतं, हेडमास्तर होते तोवर ठीक होतं, हे घर गोड माणसाशिवाय राहत नाही. वय झालं की डोकं असं चालतं म्हणून मी सोडून दिलं.

पण तिच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत नजर गेली. तिच्या खाटेचे चारही पाय पितळी वाट्यांत ठेवले आहेत आणि वाट्यांत पाणी भरलंय. मुंग्या चढू नयेत म्हणून जुनी माणसं दुधातुपाच्या कपाटाखाली ठेवायची तशा वाट्या. खाटेखाली तशाच आणखी चार वाट्या जास्तीच्या ठेवल्या आहेत.

वर येऊन माझ्या खाटेखालचे ते गोल डाग पुन्हा पाहिले. तशाच वाट्यांचे आहेत. माझ्या खाटेच्या वाट्या कोणीतरी काढून घेतल्या आहेत.

संध्याकाळी तिने पाय पुसले. बाटलीतलं आज जास्त चोळलं, मोजे ओले होईपर्यंत. कसे आहेत विचारलं. उत्तम, म्हणाली. वर पाहिलं नाही.

२० मार्च
उपाशीपोटी १३३.

का? खाणं तेच. एक दाणासुद्धा जास्त नाही. स्ट्रिप खराब असेल. दुसरी लावली. १३५.

२४ मार्च
उपाशीपोटी १५८. वजन ८४ किलो १०० ग्रॅम.

ही बाई खाण्यात काहीतरी घालते आहे. दुसरं कारण नाही. शेगडी विकत आणली, वर ठेवली. अंडी स्वतः उकडतो, भाजी स्वतः चिरतो, प्रत्येक गोष्ट माझ्या काट्यावर मोजतो. काटा रोज प्रमाणित वजनांनी तपासतो. डब्यांना कुलूप घातलंय. घरातल्या घरात छापा घालायची वेळ आली.

पायांना हात लावू देणार नाही असं सांगितलं. ती वाद न घालता दारात उभी राहिली. म्हणाली, मोजे मात्र काढू नका, इन्फेक्शन होईल. एवढं खरं बोलली असावी. वाकता येत नाही, म्हणून मीही काढले नाहीत.

२८ मार्च
उपाशीपोटी १७६.

स्वतःच्या हातचं खातोय. तरी १७६. औषधाच्या दुकानातून दुसरं मशीन आणलं. त्यावर १७८. माझी मापं खोटी नाहीत. मग खोटं काय आहे?

ऑफिसातला शिपाई म्हणाला, साहेब, लंगडताय. मी म्हटलं, बूट सैल आहे.

३१ मार्च
उपाशीपोटी १८८. वजन ८३ किलो ३०० ग्रॅम.

चौकातल्या चांभाराकडे डावा बूट घेऊन गेलो. ऑफिसातल्या रबरी चपला पायात होत्या, मोज्यांवरच. म्हटलं, आत जाड पट्टी टाक आणि घट्ट कर. त्याने बूट हातात घेतला, आतली पट्टी ओढून काढली आणि ती उलटी केली. पट्टीखाली वाळलेलं तपकिरी काहीतरी होतं, आणि त्यात मेलेल्या तांबड्या मुंग्या. मूठभर असतील. त्याने बूट माझ्या पायाशी ठेवला. मला याला हात लावायचा नाही, म्हणाला.

पुढे असं म्हणाला, की त्या घरातले हेडमास्तरही डावाच बूट घेऊन आले होते, सैल झाला म्हणून. त्याने घट्ट करून दिला. महिन्याने पुन्हा तोच बूट, पुन्हा सैल. तिसऱ्यांदा ते उजवा घेऊन आले. चौथ्यांदा आलेच नाहीत.

मी विचारलं, मग कुठे गेले. त्याने माझ्या मोज्यांकडे पाहिलं आणि हत्यारं आवरायला घेतली. दुपारचे बारा वाजले होते.

१ एप्रिल
१९४.

बायकोला फोन लावला. आकडे वाढतायत, खाणं तेच, असं सांगितलं. ती म्हणाली, थोरल्या भाऊजींचं असंच झालं होतं. न खाता साखर वाढत होती, कारण पायात जखम होती आणि कोणी पाहिली नव्हती. आत्ताच्या आत्ता मोजे काढ आणि बघ, नाहीतर मी उद्याची गाडी पकडते.

बघतो म्हटलं. फोन ठेवला.

नाही पाहिलं. खोटं कशाला लिहू, धीर झाला नाही. तासभर खाटेवर बसलो होतो, मोज्यांकडे बघत. आठवडाभराचे मळके मोजे, पण रक्ताचा डाग कुठेच नाही. डाव्याचं पुढचं टोक चपटं पडलंय — घडीमुळे असेल —

सिस्टर दोनदा वर येऊन आकडा विचारून गेली. सांगितला. आज तिने गाणं गुणगुणत झाडलं.

२ एप्रिल, सकाळ
२०७.

खोलीतला प्लग कालपासून चालत नाही. फोन खाली तिच्याकडे चार्जिंगला आहे. आणायला निघालो तर —

दार बाहेरून लावलंय.

हाका मारल्या. जिन्यावर पावलं आली, दारापाशी थांबली. ती शांतपणे बोलली, रुग्णाशी बोलतात तशी. म्हणाली, बाईसाहेबांचा फोन आला होता, तुमची तब्येत उत्तम आहे असं मी सांगितलंय, यायची गरज नाही. मग म्हणाली, मध्यंतरी तुम्ही फार खाली आलात, त्या माझ्या उंबऱ्यापर्यंत यायला लागल्या होत्या. आता ठीक आहे. पंधरा तारखेला नवे गृहस्थ येतायत, बँकेतले. साखर आहे का, ते आधीच विचारून घेतलंय. तोवर तुम्ही हवेत.

खिडकीला गज आहेत. ओरडलो. समोर चौकात मिठाईवाला नवा काटा पुसत होता. त्याने वर पाहिलं, ओळखलं, आणि शटर ओढलं. चांभार दिसला. तो मान खाली घालून निघून गेला. या गावात मला वाचवावं असं वाटणारं एकही माणूस मी ठेवलं नाही.

दुपार

पाहणार आहे. वाकायची गरज नाही. भिंतीला टेकून उजव्या पायाने डावा मोजा ओढून काढला, मग चिमट्याने उजवा. खाली पाहिलं नाही अजून.

पोट गेलंय. नऊ किलो. हाच तो दिवस —

सरळ उभा राहिलो. खाली पाहिलं. दिसतात पाय. उजव्याचा अंगठा दिसतो. डाव्याचा दिसत नाही. पोट आड येतंय वाटलं. म्हणून श्वास रोखून पोट आत ओढलं. आणखी ओढलं. पोट आड येत नव्हतं.

दाढीचा आरसा धरला.

डावा — करंगळी. बाकी नाही. रक्त नाही. कडा कोरड्या, साफ, तिच्या हातच्या ड्रेसिंगसारख्या. तिला सगळं दिसत होतं. रोज. उत्तम म्हणत होती रोज. आणि मी इथे वजन उतरलं म्हणून लिहीत होतो — बूट सैल — वास — सगळं प्रगती म्हणून —

मला फक्त पाय वाचवायचा होता.

मुंग्या गेल्या नव्हत्या. न्हाणीघरातून निघाल्या होत्या, एवढंच. आरशात खाटेची मागची बाजू दिसते. खाटेच्या पायावरून खाली रांग आहे. दाराखालून येते. दाराखालून जाते. जाणाऱ्यांच्या तोंडात काहीतरी —

नंतर

टेबलावर चढून बसलोय. टेबलाच्या पायांखाली ठेवायला वाट्या नाहीत. तांब्यात होतं तेवढं पाणी फरशीवर ओतलं. त्या थांबल्या. मग वळसा घालून —

सिस्टर दाराबाहेर आहे. आजचा आकडा विचारते आहे. कॅलेंडरवर लिहायचा म्हणे.

तिला सांगणार नाही. बायकोला उद्या कळेल. ती कोणाच्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही, ती येईल. तिच्यासाठी ही वही. अंगठा दिसत नव्हता हे तिला आधी वाचू दे. मग बाकीचं.

उजवा पाय चांगला आहे. मघाशी मोजला. पाच. काही जाणवत नाही, म्हणून पुन्हा मोजतो. आरसा धरून, नीट, एकेक.

एक, दोन, तीन, चार,